मोठा कुत्रा घरी आणताय? आधी त्याच्या भांड्याचा हिशेब बघा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

पेपरांच्या पुरवण्यांमधून हल्ली कुत्र्यांसाठी घरगुती, नैसर्गिक खाण्याच्या रेसिपी छापून येतात. वाचून बरं वाटतं आणि काळजी पण वाटते, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. बरं यासाठी की घरातलं उरलंसुरलं कुत्र्यापुढे ढकललं की झालं असं समजणं लोकांनी निदान सोडायला सुरुवात केलीय. काळजी यासाठी की त्या रेसिपीत कुत्रा किती किलोचा, किती वयाचा, मांस किती ग्रॅम, हाडं देणार नसाल तर कॅल्शियम कुठून येणार, यातलं काहीच नसतं. मांस घ्या, भाज्या घाला, शिजवा आणि द्या, संपलं. छोट्या कुत्र्याच्या बाबतीतही हे चुकीचंच आहे, पण चाळीस-पन्नास किलोच्या कुत्र्याच्या बाबतीत तर ते सरळ त्याच्या हाडांवर आणि सांध्यांवर येतं.

आमच्याकडे बाळू आहे. ग्रेट डेनच्या वळणाचा, उंच, खोल छातीचा, रेस्क्यू केलेला. आला तेव्हा पाठीचा मणका न् मणका मोजता येत होता, कोपरांवर कडक जमिनीवर झोपून झोपून घट्टे पडलेले, मानेवर साखळीचा वळ, केस हात लावला की हातात यायचे. आधीच्या जागी त्याला बांधून ठेवलेलं असायचं आणि जे मिळेल त्यावर तो जगला होता. असा कुत्रा घरात आला की बघायला येणारा प्रत्येक जण एकच सांगतो, आता याला भरपूर खाऊ घाला, महिन्यात कसा टगा होतो बघा. माया असते त्यामागे, मला कळतं. पण उपाशी राहिलेल्या जनावराला पहिल्याच दिवशी पोटभर घालणं हा जिवाशी खेळ आहे आणि हे जितक्या लोकांपर्यंत जाईल तितकं हवंय.

होतं काय, तर बरेच दिवस उपाशी राहिलेलं शरीर आतली चरबी आणि स्नायू जाळून चालू असतं, आणि अचानक भरपूर खाणं, त्यातही भात-पावासारखं पिष्टमय खाणं आलं की इन्सुलिन एकदम वाढतं आणि रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम भराभर पेशींमध्ये ओढलं जातं. रक्तात ते इतकं खाली येऊ शकतं की हृदयाचे ठोके बिघडतात, अशक्तपणा येतो, झटके येतात, कुत्रा दगावतो सुद्धा. डॉक्टर याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात, माणसांमध्येही हेच होतं. म्हणून फार खंगलेल्या कुत्र्याला सुरुवातीला त्याच्या आत्ताच्या वजनाप्रमाणे जी गरज निघते तिच्या साधारण पाव हिश्श्यापासून चालू करतात, तेही दिवसातून चार ते सहा वेळा थोडं थोडं करून, आणि मग हळूहळू वाढवत नेतात, मध्ये मध्ये रक्त तपासून. खाणं पचायला हलकं, प्रोटीन आणि फॅट चांगलं असलेलं, पिष्ट कमी. बाळूचं आमच्या व्हेटनी, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांनी, असंच केलं. तो बिचारा भांडं चाटून चाटून आमच्याकडे बघत बसायचा आणि घरातल्या सगळ्यांना वाटायचं किती निर्दय आहोत आपण, पण त्या दिवसांत ठाम राहणं हीच त्याची सेवा होती असं मला आजही वाटतं.

आणि खाणं ही फक्त पोटाची गोष्ट नाहीये, रेस्क्यू कुत्र्यासाठी तर अजिबातच नाही. ज्याला पुढचं खाणं कधी मिळेल याची खात्री कधीच नव्हती तो भांड्याजवळ कोणी आलं की ताठ होतो, खाण्याचा वेग वाढवतो, गुरगुरतो. चाळीस किलोचा कुत्रा गुरगुरला की लोक घाबरतात आणि मग ओरडतात, किंवा त्याला 'मालक कोण ते दाखवायला' भांडं ओढून घेतात. असं करू नका, हात जोडून सांगते. गुरगुरणं ही त्याने दिलेली सूचना आहे, ती ओरडून बंद केली तर पुढच्या वेळी तो सूचना न देता चावेल. त्यापेक्षा तो खात असताना लांबूनच त्याच्या भांड्याच्या दिशेने त्याच्या खाण्यापेक्षा भारी काहीतरी टाका, मांसाचा तुकडा वगैरे, आणि निघून जा. रोज असंच. हळूहळू त्याला कळतं की माणूस जवळ आला की खाणं जात नाही, उलट वाढतं. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, लहान मुलं त्या जागेपासून लांब, एवढं पाळलं की खूप काही निवळतं. रेस्क्यूवाले तीन-तीन-तीन म्हणतात, म्हणजे पहिले तीन दिवस तो भांबावलेला, तीन आठवड्यांत घराची लय कळते, तीन महिन्यांत घर आपलं वाटायला लागतं. हा काही नियम नाही, कुणाला वर्ष लागतं, पण नवीन माणसाला धीर धरायला हे गणित बरं पडतं.

मोठ्या कुत्र्याचं घर म्हणजे अजून बऱ्याच गोष्टी, त्या थोडक्यात सांगते. गुळगुळीत फरशीवर त्याचे मागचे पाय घसरतात आणि दुखरे सांधे अजून दुखतात, म्हणून त्याच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर न घसरणारे मॅट टाका. नखं वेळेवर कापा. झोपायला जाड गादी द्या, कोपराचे घट्टे त्याशिवाय कमी होत नाहीत. आणि गाडीत किंवा टेबलावर त्याला उचलून ठेवावं लागणार नाही अशी काहीतरी सोय आधीच करा, कारण आजारी पडल्यावर तो उचलला जात नाही.

आता मूळ मुद्दा, खायला काय द्यायचं. बाळू सावरला तसे सल्ले सुरू झाले. एक गट म्हणतो पिशवीतलं ड्राय फूड म्हणजे विष, कुत्रा हा लांडगा आहे, त्याला कच्चं मांस आणि हाडं द्या. दुसरा गट म्हणतो घरचं काही द्यायचंच नाही, फक्त ड्राय फूड. दोन्हीकडचे लोक मनापासून कुत्र्यांवर प्रेम करणारे आहेत त्यामुळे मी कुणाला नावं ठेवत नाही, पण दोन्हीकडे घाईने बोललं जातं.

लांडग्याचंच घ्या. कुत्रा लांडग्यापासून आला हे खरं, पण माणसाबरोबर राहून राहून त्याचं शरीर बदललंय. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की पिष्ट पचवायला लागणाऱ्या अमायलेज या एन्झाइमच्या जीनच्या लांडग्यात दोन प्रती असतात आणि कुत्र्यात चार ते तीस. म्हणजे शिजवलेलं धान्य, बटाटा, रताळं हे कुत्र्याला पचतं, ते खाल्लं म्हणून त्याचं काही बिघडत नाही. आणि दुसरं म्हणजे जंगलातला लांडगा फार वर्षं जगावा म्हणून निसर्ग काही करत नसतो, पिल्लं झाली की निसर्गाचं काम झालं. आपल्याला आपला कुत्रा म्हातारा व्हायला हवा असतो, न लंगडता म्हातारा व्हायला हवा असतो. त्यामुळे लांडगा काय खातो हा प्रश्न मला अर्धाच वाटतो.

कच्च्या मांसाबद्दल बोलते. बार्फ म्हणून जी पद्धत आज सगळीकडे ऐकू येते ती १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या एका व्हेटमुळे लोकप्रिय झाली, आणि कच्च्या खाण्याचा एक प्रचलित ढोबळ हिशेब असा की मोठ्या झालेल्या कुत्र्याला वजनाच्या दोन-तीन टक्के खाणं, त्यात साधारण ऐंशी टक्के मांस, दहा टक्के हाड, दहा टक्के लिव्हर-किडनीसारखे अवयव. चाळीस किलोच्या कुत्र्याला दिवसाला आठशे ग्रॅम ते सव्वा किलोच्या आसपास. नीट केलं तर कुत्रे आवडीने खातात, शी कमी आणि घट्ट होते हेही खरं आहे. पण कच्च्यात जंतू असतात, आणि डीप फ्रीझ केल्याने काही परजीवी मरतात, बॅक्टेरिया बहुतेक वेळा मरत नाहीत, ते नुसते झोपतात. नेदरलँड्समध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत फ्रोझन कच्च्या पेट फूडची ३५ उत्पादनं तपासली तर निम्म्याहून जास्त, म्हणजे ५४ टक्क्यांत लिस्टेरिया मोनोसायटोजीनस सापडला आणि २० टक्क्यांत साल्मोनेला. कुत्र्याचं पोट आम्ल आहे, त्याला काही होत नाही असं लोक सांगतात. बऱ्याचदा खरंच त्याला काही होत नाही. पण त्याच्या शीतून, तोंडातून ते जंतू घरात येतात आणि घरात तान्हं बाळ, गरोदर बाई, म्हातारं माणूस किंवा केमो चालू असलेलं कोणी असेल तर हा धोका त्यांच्या गळ्यात पडतो. मोठा कुत्रा म्हणजे मोठी जीभ, ती सगळ्यांच्या तोंडावरून फिरते, हे घरात मोठा कुत्रा असलेल्यांना सांगायला नको.

हाडांचंही तसंच. शिजवलेलं हाड कधीच नाही, कुठलंच नाही, ते ठिसूळ होतं आणि सुळ्यासारखे तुकडे पडून घशात, आतड्यात टोचतं. कच्चं हाड मऊ असतं म्हणून सुरक्षित म्हणतात, पण मोठ्या जनावराच्या मांडीचं जाड हाड मोठा कुत्रा जबड्याच्या ताकदीने चावतो आणि वरच्या जबड्यातली मागची मोठी दाढ चिरते, अगदी पापुद्रा निघाल्यासारखी. मग दात काढायचा नाहीतर रूट कॅनाल. व्हेट लोक म्हणतात की जी वस्तू अंगठ्याच्या नखाने थोडीसुद्धा दबत नाही ती चावायला देऊ नका, मला हा साधा उपाय फार आवडला.

म्हणून आमच्याकडे बाळूला घरचं ताजं, मांसावर आधारलेलं, पण शिजवलेलं आणि बिनहाडाचं खाणं असतं. आणि इथे ती गोष्ट येते जिच्यासाठी मी खरं तर पत्र लिहितेय. कॅल्शियम.

मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. दोघांचं प्रमाण एकाला पंधरा, कधी एकाला वीस इतकं उलटं असतं, आणि कुत्र्याला लागतं साधारण बरोबरीचं किंवा कॅल्शियम थोडं जास्त. एक किलो बोनलेस चिकनमध्ये कॅल्शियम निघतं जेमतेम १०० मिलिग्रॅमच्या आसपास, आणि चाळीस किलोच्या कुत्र्याला दिवसाला हवं असतं दीड-दोन ग्रॅम. म्हणजे पंधरा-वीस पट कमी. भाज्या घालून ही दरी भरत नाही. आता रक्तात तर कॅल्शियम ठरावीक लागतंच, त्याशिवाय हृदय आणि स्नायू चालत नाहीत, मग शरीर ते कुठून आणणार, तर हाडांतून काढतं. बाहेरून कुत्रा छान दिसतो, केस चमकतात, मांस आवडीने खातो, घरचे खूश, आणि आत महिनोन्महिने हाडं पोकळ होत असतात. एक दिवस सोफ्यावरून उतरताना पाय मोडतो. मुद्दाम सांगते, हे प्रेमाने रोज शुद्ध मांस खाऊ घालणाऱ्या घरांमध्ये होतं.

उपाय काही अवघड नाही. अंड्याचं टरफल धुऊन, उकळून किंवा भाजून, वाळवून एकदम बारीक पीठ करायचं. एका अंड्याचं टरफल भरतं साधारण पाच-सहा ग्रॅम आणि त्यात कॅल्शियम असतं दोन ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एका टरफलात मोठ्या कुत्र्याच्या एका दिवसाचं कॅल्शियम जवळपास बसतं. पण कॅल्शियम झालं म्हणजे सगळं झालं असं नाही, झिंक, कॉपर, आयोडिन, मँगेनीज, व्हिटॅमिन डी, व्हिटॅमिन ई हे सगळं घरच्या खाण्यात कमी पडतं आणि त्यासाठी व्हेटनी सांगितलेलं मिश्रण मोजून घालावं लागतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसच्या व्हेटर्नरी शाळेतल्या लोकांनी २०१३ मध्ये पुस्तकं आणि वेबसाइटवरच्या घरगुती खाण्याच्या २०० रेसिपी तपासल्या, त्यात ९५ टक्के रेसिपींमध्ये किमान एक तरी आवश्यक घटक कमी होता आणि ८३ टक्क्यांहून जास्त रेसिपींमध्ये एकापेक्षा जास्त. यातल्या बऱ्याच रेसिपी व्हेटनीच लिहिलेल्या होत्या. आणि काही जण म्हणतात रोज वेगवेगळी रेसिपी केली की आपोआप भरून निघतं, तर त्याच कमतरता पुन्हा पुन्हा सगळ्या रेसिपींमध्ये होत्या, त्यामुळे तेही नाही.

पिल्लांच्या बाबतीत तर उलटाही धोका आहे. ग्रेट डेन, मास्टिफ, सेंट बर्नार्ड, रॉटवायलर, लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड यांची पिल्लं वर्ष-दीड वर्षात कित्येक पटींनी वाढतात आणि लहान वयात त्यांचं आतडं जादा कॅल्शियम अडवू शकत नाही, जितकं द्याल त्यातलं बरंच आत जातं. मग हाडं वेडीवाकडी वाढतात, कूर्चा नीट तयार होत नाही. म्हणूनच जनावरांच्या खाण्याचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या आफ्को या संस्थेच्या निकषांमध्ये मोठं झाल्यावर सत्तर पौंड, म्हणजे साधारण ३२ किलो किंवा त्याहून जास्त भरणाऱ्या पिल्लांसाठी कॅल्शियमची वरची मर्यादा वेगळी, कमी ठेवलीय, खाण्यातलं पाणी वगळून उरणाऱ्या कोरड्या वजनाच्या १.८ टक्के. तेव्हा मोठ्या जातीच्या पिल्लाला टॉनिक म्हणून वरून कॅल्शियमच्या बाटल्या पाजू नका, आणि घरी अंदाजपंचे खाणंही बनवू नका. पिल्लाला लार्ज ब्रीड पपी म्हणून मिळणारं चांगलं ड्राय फूड देणं हाच शहाणपणा आहे, मी घरच्या खाण्याची इतकी बाजू घेते तरी हे म्हणते.

आता किती द्यायचं. इथे बहुतेक लोक अंगाच्या आकारावर जातात. कॅलरीची मूळ गरज काढायचं सूत्र असं की वजनाचा पाऊणावा घात गुणिले ७०, घाबरू नका, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतं. दहा किलोच्या कुत्र्याला येतात साधारण ३९० कॅलरी, चाळीस किलोच्याला १११०. वजन चौपट पण गरज तिपटीहूनही कमी. वर हालचालीप्रमाणे, नसबंदी झालीय का त्याप्रमाणे ते वाढवायचं, नसबंदी झालेल्या मोठ्या कुत्र्याला साधारण १.६ ने गुणतात. पण सूत्राने फक्त सुरुवात करायची, नंतर हात हीच मोजपट्टी. बरगड्यांवरून हात फिरवला की त्या दाबल्याशिवाय जाणवल्या पाहिजेत, वरून बघितलं की कंबर दिसली पाहिजे, बाजूने बघितलं की पोट वर गेलेलं. व्हेटकडे नऊ आकड्यांचा तक्ता असतो, त्यात चार-पाच म्हणजे उत्तम. रेस्क्यू कुत्रा भरायला लागला की घरच्यांना थांबायचं कळत नाही कारण तो हडकुळा असतानाचा फोटो मनात असतो. म्हणून सांगते, लॅब्रॅडॉरवर केलेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. ४८ कुत्री, एकाच वेतातल्या जोड्या करून, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पंचवीस टक्के कमी खाणं, पिल्लूपणापासून आयुष्यभर. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य आलं तेरा वर्षं आणि दुसऱ्यांचं ११.२. जवळजवळ दोन वर्षं! वर त्यांचे सांधे पण उशिरा दुखायला लागले. ग्रेट डेनसारख्या जातीचं आयुष्य मुळातच सात ते दहा वर्षांचं, त्यात असा वेळ मिळण्याची शक्यता असेल तर वजनकाटा स्वयंपाकघरात आणलाच पाहिजे.

एक गोष्ट मात्र ज्यांच्याकडे खोल छातीचा मोठा कुत्रा आहे त्यांनी पाठ करून ठेवावी. पोटात गॅस भरतो, पोट फुगतं आणि स्वतःभोवती पिळलं जातं. रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत कुत्रा जाऊ शकतो. खुणा अशा की तो अस्वस्थ फिरतो, बसवत नाही, लाळ गळते, ओकारी काढतो पण बाहेर काहीच पडत नाही, पोट डाव्या-उजव्या बाजूला टणक फुगतं. असं दिसलं की घरगुती उपाय नाही, सकाळपर्यंत वाट बघणं नाही, रात्री दोन वाजले असले तरी निघायचं. दिवसातून एकदाच भरमसाट खाणं, भराभरा खाणं, वाढतं वय, आई-वडील किंवा भावंडांना हा त्रास झालेला असणं यांनी धोका वाढतो. पूर्वी सल्ला असायचा की उंच कुत्र्याचं भांडं स्टुलावर ठेवा, पण अमेरिकेच्या पर्ड्यू विद्यापीठाच्या २००० सालच्या अभ्यासात उंचावर ठेवलेल्या भांड्याने मोठ्या कुत्र्यांत धोका उलट वाढलेला दिसला. बाळूला आम्ही खाणं दोन-तीन वेळा विभागून देतो, अडथळे असलेल्या भांड्यात, म्हणजे त्याला सावकाश खावंच लागतं, आणि खाण्याच्या आगेमागे धावपळ नाही. नसबंदीच्या ऑपरेशनच्या वेळीच जठर पोटाच्या भिंतीला आतून शिवून घेता येतं, म्हणजे पीळ पडण्याची शक्यता खूप कमी होते, मोठ्या जातीचा कुत्रा असेल तर व्हेटना हे स्वतःहून विचारा.

बाळूच्या भांड्यात काय असतं असं लोक विचारतात म्हणून सांगते, पण कृपा करून हे जसंच्या तसं उचलू नका. बिनहाडाचं मांस, त्यात हृदयाचा वाटा मुद्दाम कारण त्यात हृदयाला लागणारं टॉरिन चांगलं असतं, कलेजी अगदी थोडी कारण ती रोज जास्त झाली तर व्हिटॅमिन ए अंगात साठून त्रास देतं, अंडं, शिजवलेला भोपळा किंवा गाजर, थोडा भात किंवा रताळं, टरफलाची पूड, फिश ऑइल आणि व्हेटनी लिहून दिलेलं व्हिटॅमिन-मिनरलचं मिश्रण. सगळं मोजून. नवीन खाणं सुरू करताना जुन्यात थोडं थोडं मिसळत आठ-दहा दिवस घेतले, एकदम बदललं की जुलाब ठरलेले. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट, आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते गोड द्रव्य) असलेलं काहीही त्याच्या तोंडाला लागू देत नाही.

फरक काय पडला असं विचाराल तर केस भरले, अंगाचा वास गेला, जिना चढतो, भांड्याजवळ आता शेपटी हलते. पण हे सगळं फक्त घरच्या खाण्याने झालं असं मी म्हणणार नाही. त्याचे जंत गेले, गोचीड गेले, नसबंदी झाली, झोपायला जागा मिळाली, कोणी मारत नाही. चांगल्या ड्राय फूडवरही तो सावरला असता. ज्यांना रोज मोजून शिजवायला वेळ नाही त्यांनी अपराधी वाटून घेऊ नये, संपूर्ण आहार असं लिहिलेलं, त्याच्या वयाचं आणि आकाराचं ड्राय फूड द्यावं. फक्त 'ग्रेन फ्री' हे शब्द बघून भुलू नका. २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियंत्रण संस्थेने अशा, म्हणजे वाटाणे, मसूर, बटाटा यांवर बेतलेल्या खाण्याचा आणि हृदय फुगण्याच्या आजाराचा काही संबंध आहे का याची चौकशी जाहीर केली होती, आलेल्या तक्रारींमध्ये गोल्डन रिट्रीव्हर सगळ्यात जास्त होते. कारण अजून पक्कं सिद्ध झालेलं नाही, पण धान्य नाही म्हणजे चांगलं असं मानायला काही आधार नाही एवढं तरी त्यातून घ्यावं.

मोठी झालेली, मोठ्या जातीची कुत्री रेस्क्यूमध्ये पडून राहतात. लोकांना पिल्लू हवं असतं आणि छोटं हवं असतं. जे घेऊन जातात त्यातले काही परत आणून सोडतात आणि कारणं विचारली तर खाणं पुरवत नाही, अंगावर गुरगुरतो, पोट सारखं बिघडतं, लंगडायला लागला. ही कारणं बघा, सगळी भांड्याभोवतीच फिरतात आणि त्यातली बरीचशी आधी नीट माहिती मिळाली असती तर टळली असती.

म्हणून आपल्याला विनंती आहे. कुत्र्याच्या खाण्याची रेसिपी छापाल तेव्हा ती किती किलोच्या कुत्र्यासाठी, मोठ्यासाठी की पिल्लासाठी, मांस कच्चं वजन करून किती ग्रॅम, कॅल्शियम कशातून आणि किती, व्हिटॅमिन-मिनरल कुठलं, हे नसेल तर ती छापू नका. छापण्याआधी जनावरांच्या आहाराचा अभ्यास केलेल्या व्हेटकडून ती तपासून घ्या आणि तसं खाली लिहा. एखाद्या आठवड्यात रेसिपीच्या जागी उपाशी कुत्र्याला पहिले दहा दिवस कसं खाऊ घालायचं हे छापा, ते पान लोक कापून ठेवतील. आणि पोटाला पीळ पडल्याच्या खुणा चौकटीत द्या, मोठ्या अक्षरात.

आपली नियमित वाचक,
बाळूच्या घरची